होडी डोंगर कशी चढते? – इंग्लंडच्या कालव्यावरचे लॉक समजून घेऊया



मासेमारी बंदीचे दिवस आहेत. होड्या ओढून ठेवल्यात, जाळ्यांची डागडुजी चालू आहे, थोडी सवड आहे. या सवडीत अभ्यासासाठी आम्ही यावेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आपल्या दर्याचा नाही, इंग्लंडमधल्या एका कालव्याचा आहे. पण होडीचा आहे आणि पाण्याचा आहे, म्हणजे आपलाच समजा.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. इंग्लंडमध्ये स्विंडन नावाचं शहर आहे. आपल्या गोव्यातली कितीतरी कुटुंबं तिथे कामधंद्याला जाऊन स्थायिक झाली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या स्विंडनपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर डिव्हाइझेस हे गाव. तिथून केनेट अँड एव्हन नावाचा कालवा जातो. सुट्टीत लोक तिथे लांबट होडी भाड्याने घेतात आणि आठवडाभर कालव्यातून फिरतात. राहणं, जेवण, झोप सगळं होडीतच. अशी होडी भाड्याने घेऊन चालवायला तिथे परवाना लागत नाही. होडी देणारा तासाभरात सगळं दाखवतो आणि चावी हातात देतो.

आता आपल्याकडचा, दर्यावर वाढलेला पोरगा तिथे गेला तर त्याला काय वाटेल? "हे काय पाणी? ना लाट, ना वारा, ना खोली. छातीएवढं तर पाणी!" इथेच धोका आहे. कालव्याचं पाणी खरोखरच गरीब आहे. पण त्या कालव्यावर लॉक असतात आणि लॉकमध्ये चुकीला माफी नाही. पंधरा-वीस टनांची होडी काही मिनिटांत बुडू शकते, तीही काठापासून हातभर अंतरावर. म्हणून लॉक म्हणजे काय, तो कसा चालतो आणि त्यात काय सांभाळायचं, हे नीट समजून घेऊया.

१. होडी कशी असते

या होडीला नॅरोबोट म्हणतात. नावाप्रमाणेच अरुंद. रुंदी ७ फुटांच्या आत, साधारण २ मीटर. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असू शकते. म्हणजे रुंदी आपल्या छोट्या होडीएवढी आणि लांबी ट्रॉलरएवढी! पूर्वी त्या लाकडाच्या होत्या आणि काठावरून घोडा त्यांना दोराने ओढायचा. आता पोलादाच्या असतात आणि डिझेल इंजिनावर चालतात.

सुकाणू मागच्या टोकाला, लांब दांड्याचं. दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे वळते. आउटबोर्ड चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण एक फरक लक्षात घ्या. ही होडी मधोमध खिळा ठोकल्यासारखी फिरते. नाळ डावीकडे गेली की मागचं टोक तेवढंच उजवीकडे जातं. अरुंद कालव्यात पुढे बघून वळवलं आणि मागचं विसरलं, की मागचं टोक काठाला किंवा दुसऱ्याच्या होडीला लागलंच.

ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन रिव्हर्समध्ये घ्यायचं. आणि रिव्हर्समध्ये असताना सुकाणू जवळजवळ काम करत नाही. म्हणून सगळं आधी ठरवायचं, हळू करायचं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. माणूस भरभर चालतो तेवढीच.

२. लॉक कशासाठी

आपल्याकडे मांडवी आणि जुवारी यांना जोडणारं कुंभारजुव्याचं पाणी आहे. त्यातून होडी सरळ या नदीतून त्या नदीत जाते. मध्ये दार नाही, कारण दोन्हीकडे भरती-ओहोटीचंच पाणी आहे, मध्ये चढ नाही.

इंग्लंडमध्ये मात्र कालवे डोंगर-टेकड्यांवरून नेलेले आहेत. पाणी तर उताराने वाहून जाणार. मग होडी चढणार कशी? त्यासाठी कालव्याच्या पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीवर पाणी सपाट आणि शांत. आणि एका पायरीवरून दुसरीवर होडी चढवण्या-उतरवण्यासाठी मध्ये एक हौद. हा हौद म्हणजे लॉक.

हौदाला दोन्ही टोकांना दारं असतात. होडी आत घ्यायची, दारं बंद करायची आणि हौदात पाणी सोडायचं किंवा हौदातलं काढायचं. पाण्याबरोबर होडी वर जाते किंवा खाली येते. झालं. तत्त्व इतकं साधं आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर लॉक म्हणजे पाहिजे तेव्हा आणलेली भरती. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी दोनेक मीटर चढतं आणि त्याला सहा तास लागतात. लॉकमध्ये तेवढंच पाणी दहा-पंधरा मिनिटांत चढतं. आणि त्याला ना मोटार लागते, ना वीज. वरचं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, तेच होडीला उचलतं.

ही युक्ती फार जुनी. चीनमध्ये इ.स. ९८४ मध्ये च्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने दोन दारांचा हौद बांधला. त्याआधी मालाच्या होड्या उतारावरून दोराने ओढून न्याव्या लागत. त्यात होड्या फुटायच्या आणि त्या गडबडीत माल चोरीला जायचा. आज पनामा कालव्यात अवाढव्य जहाजं २६ मीटर वर चढतात, ती याच तत्त्वावर. आणि लांब कशाला, मुंबई बंदरातल्या इंदिरा डॉकच्या तोंडाशीही लॉकच आहे. बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतं राहावं म्हणून.

३. दार कोण धरून ठेवतं?

आपल्या खाजन शेतीच्या बांधावरची मानस सर्वांनी पाहिली आहे. भरतीचं पाणी आलं की त्या पाण्याच्याच दाबाने मानशीचं लाकडी दार बंद होतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. तिथे पहारेकरी नसतो. दार पाणीच लावतं, पाणीच उघडतं.

लॉकचं दारही असंच पाण्याच्या दाबाने बंद राहतं. दोन फळ्या असतात, त्या सरळ रेषेत मिटत नाहीत. मिटल्यावर त्यांचं टोक, बाणासारखं, वरच्या पाण्याच्या दिशेला राहतं. वरचं पाणी जेवढं जास्त रेटेल तेवढ्या त्या एकमेकींवर घट्ट बसतात. अशा दाराची कल्पना लिओनार्दो दा विंची यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांनी इटलीत मिलान शहराच्या कालव्यांवर काम केलं होतं.

दार उघडायला प्रत्येक फळीला एक लांब, जाड तुळई जोडलेली असते. ती काठावर आलेली असते. तिला पाठ लावून, पायांनी जमिनीला रेटा देऊन हळूहळू ढकलायचं. दोन्ही बाजूंची पाणीपातळी सारखी झाली की एक मध्यम ताकदीची व्यक्तीही ते दार उघडू शकते. पातळी सारखी नसेल तर दहा पैलवान आले तरी दार हलत नाही.

हे खरं वाटत नसेल तर हिशेब करून बघू. हौद ४.३ मीटर रुंद धरा. खालच्या बाजूला १.४ मीटर पाणी आणि आतल्या बाजूला त्याहून २.४ मीटर जास्त, म्हणजे ३.८ मीटर. तर दोन्ही फळ्यांवर मिळून पाण्याचा रेटा सुमारे २७ टन येतो. आता पाणी काढत काढत फरक फक्त १० सेंटीमीटर उरला, म्हणजे वीतभरही नाही. तरी रेटा ६०० किलोच्या वर असतो. फरक अडीच सेंटीमीटर, म्हणजे इंचभर राहिला तरी दीडशे किलो!

म्हणून पहिला नियम: पाणी सारखं होईपर्यंत दाराशी झटायचं नाही. तुळईवर बसून राहा, पाठ टेकून राहा. पातळी सारखी झाली की दार आपणहून किंचित सैल पडल्याचं पाठीला कळतं. शेवटच्या इंचाला वेळ लागतो, कारण फरक कमी झाला की पाण्याचा जोरही कमी होतो. तो वेळ द्यायचा.

४. हत्यार एकच – हँडल

हौदात पाणी सोडण्या-काढण्यासाठी दारातच किंवा काठाच्या जमिनीखालच्या मोरीत सरकत्या झडपा असतात. झडप वर-खाली करायला दातेरी पट्टी आणि चाक. ते चाक फिरवायला एल आकाराचं लोखंडी हँडल, त्याला विंडलास म्हणतात. ते होडीवाल्याने स्वतःजवळ बाळगायचं असतं. पाण्यात पडलं तर काम अडलं, म्हणून शहाणे लोक दोन-तीन ठेवतात.

झडप उचलली की ती आपल्या वजनाने परत पडू नये म्हणून एक खटका असतो. तो दात्यात नीट बसला आहे का ते बघायचं आणि हँडल लगेच काढून घ्यायचं. चाकावर हँडल अडकवून ठेवून निघून जायचं नाही. खटका सुटला तर झडप धाडकन खाली येते आणि हँडल गरागरा फिरतं. त्याने हात मोडतो, जबडा फुटतो. सुटून उडालं तर समोरच्याला लागतं. आपल्याकडे विंचवर काम केलेल्यांना हे लगेच पटेल.

५. वर चढताना

क्रम असा:

१) हौद रिकामा आहे का बघा. भरलेला असेल तर वरून कोणी येत आहे का ते आधी पाहा. येत असेल तर त्याला येऊ द्या. ते का, ते पुढे सांगतो.

२) खालची दारं उघडून होडी आत घ्या. दारं लावा. खालच्या झडपा पूर्ण बंद आहेत ना, हे डोळ्यांनी बघा.

३) होडी एका भिंतीला लावून घ्या. काठावरच्या खुंटाला दोराचा एक वेढा द्या आणि टोक हातात धरा. गाठ मारायची नाही.

४) वरच्या बाजूची जमिनीखालची झडप थोडीशीच उघडा. होडी ज्या बाजूला आहे त्याच बाजूची आधी. ते पाणी होडीच्या तळाखालून पलीकडच्या भिंतीवर आपटतं आणि होडीला आपल्या भिंतीशी दाबून धरतं. उलट बाजूची उघडली तर होडी हौदभर हेलकावे खाते.

५) दारातल्या झडपा एवढ्यात उघडू नका. त्यातून येणारा पाण्याचा लोट सरळ नाळेवर पडतो, पुढचा भाग भरतो. त्या झडपा पाण्याखाली गेल्या की मगच, तेही हळू.

६) होडी चढेल तसा दोर ओढून घेत राहा. नाळ दाराच्या एखाद्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, यावर एका माणसाची नजर सतत हवी. अडकली तर मागचा भाग चढत राहतो आणि नाळ पाण्याखाली जाते.

७) पाणी सारखं झालं की वरची दारं उघडा, होडी बाहेर काढा. सगळ्या झडपा खाली करा, दारं लावा, मगच पुढे निघा.

६. खाली उतरताना – उंबरठा विसरू नका

उतरणं सोपं दिसतं. पाणी शांतपणे खाली जातं, लोट नाही, हेलकावे नाहीत. पण सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

हौदाच्या वरच्या दाराखाली दगडाची किंवा काँक्रीटची एक पायरी असते. आपण तिला उंबरठा म्हणू. हौद भरलेला असताना हा उंबरठा पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरू लागलं की तो हळूहळू उघडा पडतो. होडी मागे सरकलेली असेल तर तिचं मागचं टोक, सुकाणू आणि पंखा असलेलं, त्या उंबरठ्यावर टेकतं. पाणी उतरतच असतं. मागचं टोक वर अडकलेलं आणि नाळ खाली चाललेली. होडी तिरकी होते, पुढून पाणी आत शिरतं आणि आत माणसं असतील तर त्यांना बाहेर यायला फुरसत मिळत नाही.

हे टाळायला हौदाच्या काठावर पांढऱ्या रंगाची खूण केलेली असते. उतरताना मागचं टोक त्या खुणेच्या पुढे, कायम. सुकाणूवर बसलेल्याने आपली जागा सोडायची नाही आणि गप्पांत रमायचं नाही. होडी स्थिर वाटते, पण ती आपल्या नकळत मागे सरकते.

आणि तरी अडकलीच तर? घाबरून होडी ढकलत बसायचं नाही. ओरडून सगळ्यांना सावध करा. आधी खालच्या झडपा बंद करा. पाणी उतरायचं थांबलं पाहिजे. मग वरच्या झडपा हळूहळू उघडा. पाणी परत चढेल आणि होडी आपोआप सुटेल. क्रम चुकवायचा नाही. म्हणूनच झडपेजवळच्या माणसाने होडी पूर्ण उतरेपर्यंत जागा सोडू नये, असं तिथे शिकवतात.

दोराचंही तेच. आपल्याला सवय आहे होडी धक्क्याला घट्ट बांधायची. उतरत्या लॉकमध्ये घट्ट बांधलेली होडी म्हणजे टांगलेली होडी. पाणी खाली गेलं, होडी दोरावर लोंबकळली, एका बाजूला कलली, संपलं. दोर वेढा देऊन हातात धरायचा आणि होडी उतरेल तसा सोडत जायचा. वेढा हाताला किंवा मनगटाला मात्र कधीच द्यायचा नाही.

७. केन हिल: एकामागून एक २९ लॉक

डिव्हाइझेसजवळ केन हिल नावाची टेकडी आहे. तिथे दोन मैलांत २९ लॉक आहेत. सगळे मिळून होडीला २३७ फूट, म्हणजे ७२ मीटर चढवतात. मधले १६ लॉक तर सरळ रेषेत, एकाला लागून एक, टेकडीवर जिना घातल्यासारखे. खालून वर बघितलं की काळी-पांढरी तुळयांची टोकंच टोकं दिसतात. पूर्ण चढायला पाच-सहा तास लागतात.

हा कालवा जॉन रेनी या इंजिनिअरने आखला. लंडनकडची टेम्स नदी आणि पश्चिमेचं ब्रिस्टल बंदर यांना जोडायचा, म्हणजे मालाच्या होड्यांना समुद्राला वळसा घालावा लागू नये. ८७ मैलांचा हा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला आणि शेवटी उरलेलं काम होतं ते याच केन हिलचं.

या १६ लॉकमध्ये एक अडचण होती. जागा इतकी कमी, की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठायला लांबी नाही. वरचा हौद खाली केला की मधलं पाणी उतू जाणार, खालचा भरला की मधलं कोरडं पडणार. म्हणून रेनीने प्रत्येक दोन लॉकच्या मध्ये बाजूला मोठं तळं खणलं. पाणी लांब ठेवायला जागा नाही तर आडवं ठेवलं! आजही ती तळी तशीच आहेत.

८. पाण्याचा हिशेब

आता महत्त्वाचा मुद्दा. एक होडी एकदा लॉकमधून गेली की वरचं किती पाणी खाली जातं?

हौद साधारण २२ मीटर लांब, ४.३ मीटर रुंद आणि अडीच मीटर चढ. गुणाकार करा. सुमारे २३६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ दोन लाख छत्तीस हजार लिटर. एका होडीच्या एका खेपेला! आणि हे पाणी परत वर जात नाही. कालव्याचा सर्वात उंच भाग दोन्ही बाजूंना पाणी देत राहतो, त्यामुळे तोच आधी आटतो.

केनेट अँड एव्हनला ही चिंता पहिल्या दिवसापासून होती. उंच भागाला पाणी द्यायला क्रॉफ्टन इथे वाफेचे पंप बसवले. त्यातलं १८१२ सालचं इंजिन आजही त्याच जागी आहे आणि ठरावीक दिवशी लोकांसाठी चालवून दाखवतात. रोजचं काम आता विजेचे पंप करतात. केन हिललाही १९९६ मध्ये पायथ्याशी पंप बसवला. तो दिवसाला ३ कोटी २० लाख लिटरपर्यंत पाणी परत माथ्यावर चढवू शकतो. म्हणजे दर अकरा मिनिटांना एक हौद.

पण नुसत्या पंपाने भागत नाही, वापरणाऱ्यालाही शिस्त लागते. तिथले होडीवाले तीन गोष्टी पाळतात:

*जोडीने जा.* या कालव्याचे लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोट शेजारी-शेजारी मावतात. एकटी होडी गेली तरी पाणी तेवढंच, दोन गेल्या तरी तेवढंच. म्हणून मागून कोणी येत असेल तर थांबतात, जोडी करतात. पाणी अर्ध्यात भागतं, दारं ओढायला माणसं दुप्पट होतात आणि होडीही हौदात हलत नाही.

*समोरच्याला आधी.* हौद भरलेला आहे आणि वरून होडी येते आहे, तर खालच्याने थांबायचं. ती त्या पाण्यात उतरेल, हौद रिकामा होईल आणि लगेच खालची होडी आत जाईल. एका पाण्यात दोघांचं काम. घाई करून भरलेला हौद रिकामा ओतला तर तेवढंच पाणी फुकट.

*मागची झडप तपासा.* एक झडप चुकून अर्धी उघडी राहिली तर रात्रभरात वरची पायरी कोरडी पडते. सकाळी तिथे बांधलेल्या होड्या चिखलात आडव्या असतात. हे नुकसान ज्याने केलं तो तेव्हा पुढच्या गावी पोचलेला असतो. म्हणून निघताना एकदा मागे वळून बघणं हा तिथला शिष्टाचार आहे.

९. वाटेतले रिवाज

समोरून होडी आली की दोघांनी उजवीकडे राहायचं, आपल्या दर्यावरच्या नियमासारखंच. बांधलेल्या होड्यांजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, नाहीतर पाण्याच्या ओढीने त्यांच्या खुंट्या उपटतात. काठावर लाट फुटताना दिसली तर समजा आपण जास्त वेगात आहोत. उथळ पाण्यात जास्त इंजिन दिल्याने वेग वाढतही नाही. होडीचं मागचं टोक खाली बसतं, काठ ढासळतो आणि डिझेल जळतं.

काठावर गळ टाकून बसलेले लोक भेटतात. ते हौसेचे मासेमार, बहुतेक जण मासा धरून परत पाण्यात सोडतात. त्यांचे गळ फार लांब असतात. त्यांच्याजवळ इंजिन मंद ठेवून मधोमधून जायचं, हात करायचा. पोट भरणारा असो वा हौसेचा, गळ टाकलेल्या माणसाचं पाणी ढवळू नये हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पंख्यात दोरी-प्लास्टिक अडकणं तिथेही रोजचंच. त्यासाठी होडीच्या मागच्या भागात एक झाकण असतं, आतून हात घालून पंखा मोकळा करता येतो. त्याआधी इंजिन बंद आणि चावी काढून खिशात. काम झाल्यावर झाकण घट्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, नाहीतर तिथूनच पाणी आत येतं.

कोणी कालव्यात पडलं तर पहिली गोष्ट, पंखा थांबवा. मग सांगा, "उभा राहा!" बहुतेक ठिकाणी पाय टेकतात. लॉकमध्ये मात्र टेकत नाहीत. तिथे लगेच सगळ्या झडपा बंद करायच्या आणि दोर किंवा बोया टाकायचा, आपण उडी मारायची नाही. भिंतीत लोखंडी शिडी असते, तिथपर्यंत त्याला ओढायचं. लाइफजॅकेट घातलेलं बरं, पोहता येत असलं तरी. तिथलं पाणी थंड असतं, दम लगेच जातो. आणि कालव्याच्या पाण्यात उंदरांपासून होणारा लेप्टोचा ताप येऊ शकतो, म्हणून जखम झाकून ठेवायची आणि जेवणाआधी हात धुवायचे.

१०. मेलेला कालवा परत कसा जिवंत झाला

रेल्वे आल्यावर माल तिकडे गेला. १८५२ मध्ये तर रेल्वे कंपनीनेच हा कालवा विकत घेतला. मग डागडुजी कमी होत गेली. पुढच्या शतकात दारं कुजली, पाणी गेलं, केन हिलच्या लॉकमध्ये झुडपं वाढली. बुजवून टाका असंही बोललं जाऊ लागलं.

तेव्हा काठावरच्या सामान्य लोकांनी संघटना केली. देणग्या गोळा केल्या, सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन उतरले, गाळ काढला, भिंती बांधल्या. एक-दोन वर्षं नाही, काही दशकं हे चाललं. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते हा कालवा पुन्हा खुला झाला, आणि तो समारंभ केन हिललाच झाला. २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था इंग्लंड आणि वेल्समधले दोन हजार मैलांचे कालवे-नद्या सांभाळते. आजही केन हिलला दारं ओढायला मदत करतात त्यात पुष्कळ स्वयंसेवक असतात. कोणी निवृत्त मास्तर, कोणी जुना कारागीर. पगार नाही.

उजळणी

घरातल्या शाळकरी मुलांना हे प्रश्न विचारा. उत्तरं वरच्या लेखातच आहेत.

१) दोन्हीकडच्या पाण्यात फक्त इंचभर फरक आहे, तरी दार का उघडत नाही?
२) मानशीचं दार आणि लॉकचं दार यांत सारखं काय? आणि वेगळं काय? (विचार करा: मानशीला पातळी कोण बदलतं, लॉकला कोण?)
३) वर चढताना आपल्याच बाजूची झडप आधी का उघडायची?
४) उतरताना होडी उंबरठ्यावर अडकली. पहिलं काम कोणतं, दुसरं कोणतं?
५) दहा होड्या एकेकट्या गेल्या तर किती लिटर पाणी लागेल? जोडीने गेल्या तर किती? २९ लॉक धरून हिशेब करा.

पाचव्या प्रश्नाचा गुणाकार वहीत करून बघाच. आकडा बघितल्यावर, मागून येणाऱ्या होडीसाठी पाच मिनिटं थांबण्याची किंमत काय असते ते कळेल.

ज्यांची मुलं, भाऊ, भाचे स्विंडनकडे आहेत त्यांनी हा लेख त्यांना जरूर पाठवावा. तिथे होडी भाड्याने घेणार असतील तर एवढं सांगा: बाबा रे, दर्याचा अनुभव आहे ते चांगलंच, पण लॉकमध्ये दोर बांधू नको, पांढरी खूण सोडू नको, आणि पाणी सारखं झाल्याशिवाय दाराला हात लावू नको.



– सचिव, संस्थेच्या वतीने